आगुंबेच्या वर्षावनात काय चावतं: एका सहलीचं प्रकरण

ठाण्याचं चौघांचं कुटुंब. आई ३८ वर्षांची, बाबा ४२, मुलगी ९ आणि आईचा धाकटा भाऊ, म्हणजे मुलीचा मामा, २७ वर्षांचा. बेत असा: २ ऑक्टोबरला कोकण रेल्वेने निघायचं, ३ तारखेला उडुपीला उतरून हेब्री-सोमेश्वर मार्गे घाट चढून आगुंबे गाठायचं, तीन रात्री सुपारीच्या बागेतल्या होमस्टेत, चौथी रात्र मंगळूरला आणि ७ तारखेला परतीची गाडी. आगुंबे शिवमोग्गा जिल्ह्यात, तीर्थहळ्ळी तालुक्यात, साधारण ६५० मीटर उंचीवर. वर्षाला सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. नागराजाच्या अभ्यासासाठी गाजलेलं वर्षावन संशोधन केंद्र इथलंच, २००५ सालचं. मामाला तिथल्या अळंब्यांचे आणि बेडकांचे मॅक्रो फोटो काढायचे होते. सहलीची कल्पनाही त्याचीच.

आधी एक खुलासा. हे प्रकरण कुठल्याही एका घराचं नाही. अशा सहलींना निघणारे जे प्रश्न विचारतात आणि परतल्यावर जी आजारपणं दिसतात, त्यांवरून ते बेतलेलं आहे. औषधं, चाचण्या, रोगांचे दिवस मात्र जसे असतात तसेच दिले आहेत.

निघण्याच्या वीस दिवस आधी आई घरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली ती वहीत यादी लिहूनच. पहिल्या क्रमांकावर जळवा, त्यांच्याखाली दोन रेघा. मग मोठे कोळी, विंचू, गांधीलमाश्या, मलेरिया. शेवटी "मुलीला डास चावला की टेंगूळ येतं". वहीच्या तळाशी खरा प्रश्न: "मॅडम, सरळ रद्दच करू का?"

डॉक्टरीणबाईंनी रद्द करा असंही म्हटलं नाही आणि काही होत नाही असंही नाही. त्यांनी उलट तीन गोष्टी विचारल्या. महिना कोणता? दिवसाच्या कोणत्या वेळी बाहेर असणार? आणि चौघांपैकी जमिनीवर बसणारं, लोळणारं कोण? तिसऱ्या प्रश्नाला आई हसली. "आमचा बंडू. तो फोटोसाठी पालथा पडतो." एवढ्या बोलण्यात यादीचा क्रम उलटला. आईच्या यादीत जे वर होतं ते खाली गेलं आणि जे यादीत नव्हतंच ते पहिल्या क्रमांकावर आलं.

जळवांचं काय

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आगुंबेत जळवा असतात, भरपूर असतात, आणि पायवाट ओली असेल तर प्रत्येकाला लागतात. मलनाडात, म्हणजे कर्नाटकातल्या या डोंगराळ भागात, तिला इंबळ म्हणतात आणि तिथला माणूस ती बोटाने उडवून पुढे चालतो. तिचा दंश दुखत नाही, कारण लाळेत बधिर करणारे घटक असतात. रक्त थांबत नाही, कारण लाळेत रक्त गोठू न देणारी द्रव्यं असतात, त्यांतलं सगळ्यांत ठाऊक असलेलं हिरुडिन. जळू सुटल्यावरही तासभर, कधी तीन-चार तास रक्त झिरपतं. मोजे लाल होतात, ते दृश्य भयंकर दिसतं, पण एकूण रक्त काही चमचेच असतं. या जंगलांतली जमिनीवरची जळू माणसाला एखादा आजार देणारी म्हणून ओळखली जात नाही. राहतं ते दोन-चार दिवस, कधी दोन आठवडे खाजणं, आणि नखांनी खाजवलं तर जखम चिघळणं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्याने मात्र आधी विचारावं. या चौघांत तसं कोणी नव्हतं.

काढायची रीत अशी. जळवेचं निमुळतं टोक म्हणजे तोंड. त्या टोकाला त्वचेला समांतर नख सरकवून ते आधी सोडवायचं, मग जाड टोकाची पकड तशीच सोडवायची आणि झटक्यात लांब भिरकवायची, नाहीतर ती बोटाला चिकटते. मीठ, तंबाखूचं पाणी, काडीचा चटका यांनी जळू सुटते खरी, पण सुटताना पोटातलं जखमेत ओकण्याची शक्यता असते. घाई नसेल तर यांतलं काहीच करू नये. तशीही ती वीस मिनिटं ते तासाभरात पोट भरून आपणच गळते. जखम साबण-पाण्याने धुवायची, कापसाचा बोळा ठेवून दहा मिनिटं दाबायचं, वर घट्ट पट्टी. पट्टी भिजली तर बदलायची, घाबरून टाके मागायला जायचं नाही.

अडवायला लीच सॉक्स. घट्ट विणीच्या सुती कापडाचे, गुडघ्यापर्यंतचे, नाडीचे. घालण्याचा क्रम चुकला की उपयोग संपतो: आधी साधा पातळ मोजा, मग पँट, पँटचा पायाकडचा भाग लीच सॉक्समध्ये कोंबायचा, गुडघ्याखाली नाडी बांधायची, शेवटी बूट. पुष्कळ जण लीच सॉक्स पँटच्या आत घालतात. मग जळू पँटच्या आतून सरळ वर चढते आणि कमरेशी सापडते. गमबूट घालणाऱ्यांनाही हेच होतं, फक्त उशिरा कळतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी उभ्या-उभ्या एकमेकांचे पाय पाहायचे. थांबायचं ते खडकावर किंवा डांबरावर, पाचोळ्यात नाही.

मोज्यांना मिठाचं पाणी किंवा तपकीर लावायची युक्ती कोरड्या दिवशी चालते. आगुंबेच्या सरीत पहिल्या दहा मिनिटांत ती वाहून जाते.

डास: जंगलापेक्षा अंगण

मुलीच्या टेंगळांची काळजी योग्य होती, जागा चुकली होती. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताआधीच्या दोन-तीन तासांत जास्त, आणि त्याला स्वच्छ साठलेलं पाणी लागतं. घनदाट झाडीत असं पाणी असतंच, पण माणसाच्या वावरात ते जास्त असतं: सुपारीच्या झावळीचा गळून पडलेला खोलगट देठ, नारळाच्या करवंट्या, रबराच्या झाडाला बांधलेल्या वाट्या, न्हाणीघरामागचं पिंप. म्हणजे ट्रेकवर पूर्ण बाह्या आणि होमस्टेच्या ओटीवर हाफ चड्डी, हा नेहमीचा प्रकार नेमका उलटा आहे. चहा पीत ओटीवर बसायचं असेल तेव्हा तिथेच क्रीम लावायचं.

मलेरियाबद्दल डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली गोष्ट आईला पटायला वेळ लागला. मलेरियाची काळजी आगुंबेच्या तीन रात्रींपेक्षा मंगळूरच्या एका रात्रीत जास्त करायची. मंगळूर शहरात, बांधकामांच्या टाक्यांत वाढणाऱ्या डासांमुळे, वर्षानुवर्षं मलेरिया आहे. तिथे मच्छरदाणी किंवा जाळीच्या खिडक्यांची आणि पंख्याची खोली हवी. चार दिवसांच्या या प्रवासासाठी मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या मात्र लागत नाहीत.

मुलीच्या टेंगळासाठी: चावल्याबरोबर थंड पाण्याची पट्टी, एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन मलम दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस, आणि खाज फार असेल तर रात्री सेट्रिझिन. या वयात मात्रा ५ ते १० मिलिग्रॅम, तिच्या वजनाप्रमाणे डॉक्टरीणबाईंनी लिहून दिली. चावल्यानंतर काही तासांत उठलेली लाल, गरम, खाजरी सूज ही बहुधा ॲलर्जी. दोन-तीन दिवसांनी वाढत जाणारी, दुखरी, ताप आणणारी सूज म्हणजे जंतुसंसर्ग. या फरकासाठी सुजेच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून वेळ लिहायची. दुसऱ्या दिवशी सूज रेघेबाहेर गेली का, ते भांडणाशिवाय कळतं.

बाटलीवर काय लिहिलंय

आईने घरातली डासांची क्रीमची नळी आधीच बॅगेत टाकली होती. आपल्याकडच्या किराण्यातल्या बऱ्याच क्रीममध्ये डीट हे डासरोधक द्रव्य नसतं, एन-एन-डायइथिल बेन्झामाइड असतं, साधारण १२ टक्के. घरातल्या संध्याकाळला ते पुरतं. जंगलात २० ते ३० टक्के डीट किंवा २० टक्के पिकारिडिन हे दुसरं डासरोधक घ्यावं. टक्का वाढला की परिणाम तीव्र होत नाही, जास्त वेळ टिकतो. दहा टक्के डीट दोनेक तास, वीस-तीस टक्के चार ते सहा तास. घाम आणि पाऊस हे आकडे निम्म्यावर आणतात. पन्नास टक्क्यांपुढे फारसं काही मिळत नाही.

किती घ्यायचं याचा ढोबळ हिशेब: उघडी राहते ती मान, कान, मनगटं, हात, घोटे. त्याला एका वेळी चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली. दिवसातून तीनदा, चार माणसं, चार दिवस. २४० मिली. चौघांत ५० मिलीची एक बाटली नेणारे दुसऱ्या दिवशी दुपारी ती उलटी धरून झटकत असतात.

आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर वर डासरोधक. दोन्ही एकत्र असलेली बाटली घेऊ नये, कारण सनस्क्रीन वारंवार लावावं लागतं आणि डीट तितक्यांदा लावायचं नसतं. मुलीला मोठ्यांनी स्वतःच्या तळव्यावर घेऊन लावायचं. तिच्या तळहातांना, डोळ्यांभोवती, ओठांपाशी, खरचटलेल्या जागी नाही. कपड्यांखालच्या त्वचेला लावायचं नाही. झोपण्याआधी धुवायचं. दोन महिन्यांखालच्या बाळाला डीट चालत नाही. लिंबू-निलगिरीचं म्हणून मिळणारं पीएमडी तीन वर्षांखाली वापरत नाहीत.

डीट प्लॅस्टिक विरघळवतं. घड्याळाची काच, चष्म्याची फ्रेम, लेन्सचं झाकण, रेनकोटचं अस्तर यांच्यावर चिकट डाग पडतात. मामासाठी ही बाब महत्त्वाची होती, म्हणून त्याने पिकारिडिन घेतलं. आणखी एक गोष्ट कॅमेरावाल्यांनी पाळायला हवी: बेडकाची कातडी पाण्यासारखी रसायनंही शोषून घेते. डासरोधक लावलेल्या हाताने बेडूक उचलायचा नाही. खरं तर कुठल्याच हाताने उचलायचा नाही. फवाराही ओढ्याच्या काठी मारायचा नाही.

कपड्यांसाठी ०.५ टक्का परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा हा सर्वांत भरवशाचा उपाय, गोचीड आणि माइट (गोचिडीच्या कुळातली बारीक कीड) दोन्हींवर. तो कपड्यावर मारायचा, त्वचेवर नाही. उघड्या हवेत मारून पूर्ण वाळू द्यायचा. काही धुण्यांपर्यंत टिकतो. ओला असताना मांजराला घातक असतो. औषधाच्या दुकानात मिळणारं खरजेचं पाच टक्क्यांचं परमेथ्रिन क्रीम हे त्याचं पर्यायी रूप नव्हे. ते कपड्याला फासून काहीही साधत नाही.

यादीत नसलेला

आता तो, ज्याचं नाव आईच्या वहीत नव्हतं. माइटची अळी, इंग्रजीत जिला चिगर म्हणतात. साधारण पाव मिलिमीटर, सहा पायांची, नारिंगी-लाल ठिपका. नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, चावताना कळत नाही. ती गवताच्या टोकावर, झुडपांच्या कडेला, पाचोळ्यात, विशेषतः उंदीर फिरतात तिथे झुंडीने वाट बघत बसते. तिच्या पोटात ओरिएंशिया सुत्सुगामुशी हा जिवाणू असेल तर माणसाला स्क्रब टायफस होतो. मोसम पावसाच्या उत्तरार्धापासून थंडी लागेपर्यंत. हा आजार फक्त वर्षावनांचा नाही: २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूर आणि विदर्भात त्याची साथ आली होती, त्यात माणसं दगावली. गवत, उंदीर आणि ओल असेल तिथे तो असतो.

अळी अंगावर चढल्यावर लगेच चावत नाही. काही वेळ फिरते, कपडा जिथे घट्ट बसतो तिथे थांबते: पट्ट्याखाली, मोज्याच्या रबराशी, जांघेत, काखेत, स्तनांखाली, गुडघ्यामागे. या फिरण्याच्या वेळेतच आपल्याला संधी असते. परतल्यावर दोन तासांच्या आत साबण लावून खरखरीत पंचाने घासून गरम पाण्याची आंघोळ, आणि अंगावरचे कपडे थेट बंद पिशवीत. पलंगावर नाहीत, खुर्चीच्या पाठीवर नाहीत, दुसऱ्या दिवशी "अजून चालेल" म्हणून पुन्हा अंगात नाहीत. घरी आल्यावर गरम पाण्यात धुवायचे. बसायला जाड ताडपत्री किंवा फोम मॅट. ती घडी करताना जमिनीकडची बाजू आत.

आईने विचारलं, आधीच गोळी घेऊन जाऊ का? चार दिवसांच्या सहलीला नाही. त्याऐवजी डॉक्टरीणबाईंनी एका पुठ्ठ्याच्या कार्डावर लिहून दिलं: "३ ते ६ ऑक्टोबर, आगुंबे, जि. शिवमोग्गा, वर्षावन. ६ ऑक्टोबर, मंगळूर. २८ ऑक्टोबरपर्यंत ताप आल्यास: मलेरिया, डेंग्यू, स्क्रब टायफस. सर्व कपडे काढून त्वचा तपासावी. तापाला फक्त पॅरासिटामॉल." स्क्रब टायफस चाव्यापासून ६ ते २१ दिवसांत उमटतो, डेंग्यू साधारण ४ ते १० दिवसांत. चौथी रात्र धरून २१ दिवस २७ तारखेला संपतात. एक दिवस जास्त धरला. मलेरिया याहूनही उशिरा, कधी महिन्यांनी उगवू शकतो, म्हणून कार्ड फेकायचं नाही, पाकिटात राहू द्यायचं. आईला या कागदाने जितकं बरं वाटलं तितकं कुठल्या बाटलीने वाटलं नाही. काळजीला शेवटची तारीख मिळाली.

काय घडलं

पहिल्या दिवशी जोगीगुंडी धबधब्याच्या वाटेवर चौघांना मिळून अकरा जळवा लागल्या. बाबांनी पहिल्या दोन मिठाने काढल्या, पुढच्या नखाने. मुलीने तिसरीपासून स्वतःच काढल्या आणि मोजणी तिच्याकडे गेली.

दुसऱ्या रात्री होमस्टेच्या ट्यूबलाइटखाली जेवणं झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या मानेवर चटका बसल्यासारखी लांबट लाल रेघ, तीवर बारीक पिवळट फोड, आणि कोपराच्या वळणात आमनेसामने दोन सारखेच चट्टे. आईचा निष्कर्ष: कोळी चावला. कोळी नव्हता, आणि काही चावलंही नव्हतं. पेडेरस नावाचा मुंगीएवढा काळा-नारिंगी भुंगा दिव्याला येतो, मानेवर बसतो, आपण त्याला चिरडून पुसतो. त्याच्या अंगातलं पेडेरिन हे द्रव्य रेघेत पसरतं आणि बारा ते चोवीस तासांनी त्वचा भाजते. कोपर दुमडला की एका बाजूचं दुसऱ्या बाजूला छापलं जातं, म्हणून जोडचट्टे. लांबट रेघ आणि जोडचट्टे दिसले की दंश शोधू नये. ताबडतोब साबणाने धुणं, थंड पट्टी, सौम्य स्टेरॉइड मलम. फोडांतलं पाणी डोळ्याला लागू द्यायचं नाही. आठ-दहा दिवसांत डाग पडून जातं. टाळायचं कसं: जेवणाच्या टेबलावरचा पांढरा दिवा बंद, पिवळा दिवा लांब, आणि अंगावर बसलेला किडा चिरडायचा नाही, फुंकर मारून उडवायचा.

तिसऱ्या दिवशीच, ५ ऑक्टोबरला, मामाला एका कुजलेल्या ओंडक्याच्या बुडाशी अळंब्यांचा पुंजका सापडला. पाऊण तास एका कुशीवर, मग तेवढाच वेळ पालथा. मॅट होती, पण ती कॅमेऱ्याच्या बॅगेखाली. पिकारिडिन मान आणि हातांना लावलेलं, टीशर्ट मात्र वर सरकलेला. संध्याकाळी होमस्टेचा बंब विझला होता. तो हातपाय धुऊन जेवायला बसला, आंघोळ सकाळी केली. जळवांची भीती नसलेला चौघांत तो एकटाच होता, हे इथे नोंदवायला हवं. इतर तिघं भीतीपोटी का होईना, रोज आल्याबरोबर न्हाणीघरात जात होते.

ताप

१६ ऑक्टोबरला, म्हणजे अकराव्या दिवशी, मामाला थंडी वाजून १०३ फॅरेनहाइट ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंगदुखी, डोळे लाल. जवळच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या: डेंग्यू एनएस-१ निगेटिव्ह, मलेरियाची स्लाइड निगेटिव्ह, प्लेटलेट्स १ लाख १२ हजार, टायफॉइडसाठीची विडाल चाचणी १:८०. विडालवरून टायफॉइड ठरला आणि १८ तारखेपासून सेफिक्झिम सुरू झालं. दोन दिवस गेले, ताप तसाच. एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम १४० वर.

चूक कुठे झाली हे सुटं करून पाहण्यासारखं आहे. एकच विडाल, तीही १:८०, आपल्या भागात निरोगी माणसातही सापडते. तिच्यावर टायफॉइड ठरत नाही, त्यासाठी ब्लड कल्चर लागतं. एनएस-१ निगेटिव्ह आणि प्लेटलेट्स कमी हे चित्र डेंग्यूसारखं दिसतं, पण स्क्रब टायफसमध्येही प्लेटलेट्स उतरतात आणि यकृताची एन्झाइम्स वाढतात. सेफिक्झिमच्या गटातली औषधं ओरिएंशियावर चालत नाहीत, कारण हा जिवाणू पेशींच्या आत राहतो. आणि सगळ्यांत साधी गोष्ट: कुठे गेला होतात, हे कोणी विचारलं नाही आणि मामाने सांगितलं नाही. त्याच्या मते दोन आठवड्यांपूर्वीची सहल केव्हाच संपली होती.

कार्ड आईच्या पर्समध्ये होतं. २० तारखेला ती भावाला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी कार्ड वाचलं, पडदा ओढला आणि पूर्ण कपडे काढून बघितलं. डाव्या कमरेवर, पट्ट्याच्या रेषेखाली, आठ मिलिमीटरची काळी खपली, भोवती लाल कडा, विझलेल्या सिगारेटच्या डागासारखी. दुखत नव्हती, खाजत नव्हती. मामाला ती ठाऊक होती. "पट्टा घासला असेल," तो म्हणाला. जांघेत त्याच बाजूची गाठ सुजलेली. ही खपली, एस्कार, निदानाची सर्वांत बळकट खूण आहे, पण ती प्रत्येकात असतेच असं नाही. घामाच्या घडीत, काखेत, जांघेत ती काळी नसून फिकट, ओली, कापल्यासारखी दिसते. सावळ्या त्वचेवर लाल कडाही चटकन कळत नाही. म्हणून उजेडात, हात फिरवून पाहायची.

स्क्रब टायफसच्या आयजीएम एलायझा चाचणीसाठी रक्त घेतलं, पण निकालाची वाट पाहिली नाही. त्याच दुपारी डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. ही गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला व्रण पडतो. दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या दोन तास लांब ठेवायच्या. उन्हात त्वचा भाजते, तेव्हा टोपी. गरोदरपणात याऐवजी ॲझिथ्रोमायसिन देतात. २२ तारखेला सकाळी, साधारण चाळीस तासांनी, ताप उतरला. या औषधाला असा वेगाने मिळणारा प्रतिसाद हीदेखील निदानाची एक पावती मानली जाते. ४८ ते ७२ तासांत उतार नसेल तर निदान पुन्हा तपासावं लागतं. एलायझाचा पॉझिटिव्ह निकाल त्यानंतर आला. ही चाचणी तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा निगेटिव्ह कागद पाहून गोळी बंद करणं हा आणखी एक ठरलेला घोटाळा. जुनी वाइल-फेलिक्स चाचणी कुठे-कुठे अजून करतात. ती निगेटिव्ह असली तरी काही सिद्ध होत नाही. मामाचा कोर्स सात दिवसांचा झाला. खपली तिसऱ्या आठवड्यात गळाली.

अजून तीन-चार दिवस उशीर झाला असता तर फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदूवरची सूज असा मार्ग उघडतो. धाप, गुंगी, लघवी कमी होणं, कावीळ यांतलं काहीही दिसलं तर घरी गोळी गिळत बसायचं नाही, दाखल व्हायचं. गंभीर रुग्णांत डॉक्सिसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन दोन्ही शिरेतून देणं एकेकट्या औषधापेक्षा सरस ठरल्याचं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत दिसलं.

फेब्रुवारीत गेलो तर?

बरा झाल्यावर मामाचा पहिला प्रश्न हाच होता. जंगल तेच, पण उत्तर वेगळं. फेब्रुवारीत वाटा कोरड्या, जळवा जवळजवळ नाहीत, लीच सॉक्स घरी ठेवले तरी चालतील असं वाटतं. ठेवू नयेत. कारण त्या दिवसांत पाचोळ्यात गोचिडीची पिल्लं असतात, तिळापेक्षाही बारीक, आणि शिवमोग्गा हा त्यांच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाचा मूळ जिल्हा. १९५७ साली सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलाजवळ माकडं आणि माणसं मरू लागली, पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू शोधला, आणि जंगलाचंच नाव आजाराला मिळालं. तिथे त्याला मंगन कायिले म्हणतात. २०१८-१९ च्या हिवाळ्यात सागर तालुक्यातल्या अरळगोडूत त्याने बळी घेतले. आपल्याकडे २०१५ च्या सुमारास गोव्यात सत्तरीत आणि २०१६ पासून दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात तो आला. काजूच्या बागांत पातेरा गोळा करणाऱ्यांना आणि काजू वेचणाऱ्यांना तो जास्त होतो, म्हणून सिंधुदुर्गात ही माहिती घरोघर आहे, ठाण्यात नाही.

मोसम नोव्हेंबर-डिसेंबर ते मे. चाव्यानंतर ३ ते ८ दिवसांत एकदम चढणारा ताप, डोकं, कंबर, पोटऱ्या दुखणं, कधी हिरड्यांतून रक्त. काहींना एक-दोन आठवड्यांनी ताप परत फिरतो आणि तेव्हा मेंदूची लक्षणं दिसतात. खास औषध नाही, डॉक्सिसायक्लिन विषाणूवर चालत नाही. पाणी, विश्रांती, पॅरासिटामॉल, आणि रक्तस्रावावर लक्ष. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. जुन्या लशीचं संरक्षण तोकडं पडल्याने तिचा वापर थांबला, म्हणजे लस घेऊन जाऊ हा मार्गही नाही. राहतो तो कपडा, डासरोधक आणि शोध. कर्नाटकात जंगलाकाठच्या लोकांना डेपा हे अंगाला लावायचं गोचीडरोधक तेल वाटतात, ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत विकसित झालेलं. फिकट रंगाची पँट घालायची, तीवर ठिपका हलताना दिसतो. मेलेलं माकड दिसलं तर फोटोसाठी जवळ जायचं नाही, कारण त्याच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी आसपासच पडलेल्या असतात. वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं.

रोज संध्याकाळी तपासणी एकमेकांची: केसांची कड, कानामागे, काखा, बेंबी, कंबर, जांघ, गुडघ्यामागे. मुलीची आईने, मामाची बाबांनी. सापडलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेला लागून धरायची आणि सरळ वर, सावकाश, न पिळता ओढायची. रॉकेल, तेल, व्हॅसलीन, पेटती काडी हे गुरांच्या गोठ्यातले उपाय माणसावर नकोत. नखावर फोडायची तर मुळीच नाही. चिकटपट्टीत चिकटवून तारीख लिहायची, जागा साबणाने आणि मग स्पिरिटने पुसायची.

मामाने फेब्रुवारीची तिकिटं काढली आहेत. यावेळी चिमटा आणि फोम मॅट कॅमेऱ्याच्या बॅगेत वर ठेवली आहे. होमस्टेला त्याने दोनच प्रश्न विचारले: या हंगामात गावाच्या आसपास माकडं मेली आहेत का, आणि संध्याकाळी सहाला बंबात गरम पाणी मिळेल का.